सूत तुटल्यावर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, तेरा नंबरच्या मागाशेजारी
खळीच्या वासात बसले आहे, लॅपटॉप मांडीवर.
बोर्ड काडेपेटीएवढा,
त्यावरचा प्रोसेसर बोराच्या आठोळीएवढा.
त्याला एकच बजावून ठेवलंय:
उभं सूत तुटलं की माग थांबव.
पुढचा धोटा सुटायच्या आत.
आधी थांबव, मग काय ते बोल.

मल्लेशमकाका विचारतात, "लई फास्ट हाय का?"
फास्ट नाही काका, वेळेवर.
ते जरा थांबतात, कानातला कापूस नीट करतात.
"म्हंजे भोंग्यासारखं. यष्टीसारखं न्हाई."
तीन वर्षं कॉलेजात मला जे समजावलं
ते एवढंच होतं.

आत एक मुकादम बसवलाय.
मिलिसेकंदाला एकदा टिक पडते, तो हजेरी घेतो:
कोण तयार, कोण झोपलंय,
कोण कुणासाठी खोळंबलंय.
थोरलं काम आलं की धाकट्याला उठवतो, ऐन मध्यातून,
आणि धाकटं आपल्या पिशवीत सगळं भरतं,
अर्धी बेरीज, हातचा एक,
बोट कुठल्या ओळीवर होतं तेसुद्धा.
परत बसलं की तिथूनच.

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी यायचं, रात्री दोनला, अडीचला.
नळ खोकला की अम्मा उठायची,
अर्धी वळलेली विडी सुपात, दोरा दातातून सोडून.
हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरायचा.
आणि ओल्या हातांनी नाही, पदराला पुसून
तीच विडी उचलायची, त्याच वेढ्यावरून.
"कुठं होते मी?" असं तिनं कधी विचारलं नाही.

मागच्या मंगळवारी माग थांबला नाही.
वीतभर टॉवेल तुटक्या सुतानं विणला गेला,
फणीसारखी रेघ पडली.
तीन रात्री शोधत होते.
मेमरी एकच, तिची किल्लीही एकच.
ती होती सगळ्यात धाकट्याकडे, फेरे मोजून लिहिणाऱ्याकडे.
थोरला, माग थांबवणारा, किल्लीसाठी दारात उभा.
आणि धाकट्याला उठूच देत नव्हता मधला,
अंबादासशेठच्या मोबाइलवर आकडे पाठवणारा.
त्याला किल्ली नको होती, काही नको होतं,
फक्त तो बोलत होता.
मी एका ठिकाणी शून्याचं एक केलं:
किल्ली हातात आहे तोवर
धाकट्याला थोरल्याचा मान.
काम झालं की पुन्हा आपल्या पाटावर.
शेठना सांगितलं, आकडे जरा उशिरा येतील.
त्यांना ते आवडलं नाही.

राहिला पहारेकरी.
त्याला दर सेकंदाला सांगावं लागतं, आहे, आहे, आहे.
एकदा चुकलं तर तो विचारत बसत नाही,
सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करतो.
पुण्याला होस्टेलवर होते तेव्हा
अम्माला रोज रात्री नऊला एक मिस्ड कॉल द्यायचा होता. उचलायची नाही, पैसे जातात.
एका परीक्षेच्या आदल्या रात्री विसरले.
सकाळी ती गेटवर,
पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, पायात घरातली चप्पल.
रागावली नाही. बघितलं,
आणि दुपारच्या गाडीनं परत गेली, हजार विड्या द्यायच्या होत्या.
पहारेकऱ्याची मुदत भरताना
कितीतरी वेळ माझी बोटं त्या आकड्यावर होती.

आता चाचणी. काका, तोडा.
ते ब्लेडनं एक सूत कापतात.
ड्रॉपर पडतो, टक्,
आणि धोटा पेटीतच राहतो.

आजूबाजूचे तेवीस माग ठोकत आहेत, आमचा गप्प.
बोर्डात आता कुणालाच काम नाही,
म्हणून सगळ्यात शेवटचा, ज्याला काहीच नेमून दिलेलं नाही,
तो जागा आहे, रिकाम्या फेऱ्या मारत.

काका चष्मा कपाळावर चढवतात,
दोन टोकं शोधतात, बोटाला थुंकी लावतात.
पहिली गाठ सुटते.
"घाई न्हाई ना?"
नाही काका. आता नाही.